गल्लीचा रुपया

मला नाण्यांचा नाद लागला तो जवळ पैसा नव्हता म्हणून. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं तेच आहे. ज्याच्याजवळ पैसा असतो तो रुपया मोजतो आणि पिशवीत टाकतो. ज्याच्याजवळ नसतो तो एकच रुपया चारदा उलटापालटा करून बघतो, आणि बघता बघता त्याला त्याच्यावरची अक्षरं दिसायला लागतात.

निजामाच्या राज्यात मी जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. दिवसभर रुईचा बारीक भुसा नाकातोंडात जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन खोकावं म्हटलं तरी अंगात जोर नसायचा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरी वाटायची. मजूर बहुतेक बायकाच. मालकाकडून पिशवी यायची, तिच्यात निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार अशी दोन्ही नाणी सरमिसळ. दोघांचा भाव वेगळा, कलदाराचा चढा, त्यातून सराफ बट्टा कापणार तो आणखी वेगळा. एका बाईला कलदार दिला की दुसरी म्हणायची, मला हाली का? ह्या भांडणात माझं निम्मं आयुष्य गेलं.

त्याच पिशवीवर माझा संग्रह उभा राहिला. मजुरी वाटण्याआधी मी नाणी पोत्यावर पसरायचो. एखादं निराळं दिसलं की माझ्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं त्यात टाकायचो आणि ते उचलायचो. मालकाला हे माहीत होतं. तो म्हणायचा, "पिशवी बराबर भरली म्हंजे झालं. तुम्ही काय नाचवायचं ते नाचवा." अशा रीतीनं चवल्या, पावल्या, अधेल्या गोळा झाल्या. कुठूनशी वाट चुकून आलेली बडोद्याची आणि सूर्याचं तोंड असलेली इंदूरची नाणी मिळाली. बाजारात एका भाजीवालीनं वजनाच्या पारड्यात पासंग म्हणून घातलेली शिवराई मी एका वांग्याच्या भावात सोडवून आणली. बाकी माझे नियम कडक होते. एका जातीचं एकच नाणं घ्यायचं, धातूच्या भावापलीकडे छदाम द्यायचा नाही, आणि सोन्याच्या नाण्याकडे तर बघायचंच नाही. पान मी सोडलं होतं, तेवढीच काय ती भांडवलाची सोय. सुपारीच्या पत्र्याच्या डब्यात रुईचे थर घालून त्यात मी नाणी ठेवायचो. रुई फुकटची होती.

बायको म्हणायची, "डबाभर पैसे हायेत घरात अन् मिठाला पैसा न्हाई. असा सावकार मी पाह्यला नव्हता." ती थट्टेत म्हणायची. तिची थट्टा मला आवडायची, कारण ती फार कमी वेळा थट्टा करायची. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दोन दिवस ती सरकारी दवाखान्यात अडली होती आणि हाती काही आलं नाही. जालना म्हणे सोन्याचा पाळणा. आमच्या घरात लाकडाचाही हलला नव्हता. त्यानंतर ती बरी झाली, उठली, कामाला लागली, पण गल्लीत कुणी बाळंत व्हायची असली की तिचा चेहरा उतरायचा.

एकदा कापूस मोजायला मला केदारखेड्याला धाडलं. तिथला सोनार एका शेतकऱ्याच्या सुनेसाठी जोडवी करत होता आणि आटवायला त्यानं एक जुना जाड रुपया काढला होता. माझी शाळा उर्दूत झालेली, त्यामुळे त्याच्यावरची फारसी अक्षरं लागली. तो रुपया मी अक्षरशः मुशीच्या तोंडातून ओढून घेतला. तेवढ्या वजनाची चांदी म्हणून एक हाली रुपया आणि वर थोडी मोड दिली. परतीच्या बैलगाडीत मी तो रुपया मुठीत धरून बसलो होतो. संबंध नोकरीत मला इतका आनंद दुसऱ्या कशाचा झाला नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. घरी येऊन, अंगणात उजेडात बसून, मी तो रुपया मोठ्यानं वाचला. शाळेत मौलवीसाहेबांपुढे वाचायचो तसा, स्वर लावून. "सिक्का मुबारक, बादशाह गाजी." मागच्या बाजूला "जुलूस मैमनत मानूस" आणि टांकसाळीचं नाव "खुजिस्ता बुनियाद", म्हणजे आपलं औरंगाबाद. मुबारक म्हणजे शुभ, जुलूस म्हणजे गादीवर बसणं, मैमनत म्हणजे बरकत, खुजिस्ता म्हणजेही मंगलच. बायकोला मी सगळ्याचा अर्थ फोड करून सांगितला. कुंपणापलीकडे शेजारची म्हातारी शेणी थापत होती. तिनं हात थांबवून सगळं ऐकून घेतलं.

आठ दिवसांत ती दारात उभी. तिची सून अडली होती. म्हणाली, "भाऊ, तो बादशाही रुपया द्या जरा. धुऊन पाणी पाजते. समदे शुभ शब्द हायेत त्याच्यावर, तुम्हीच वाचले." जुन्या नाण्याचं पाणी अडलेल्या बाईला पाजायची चाल आमच्याकडे होतीच. आधी नाणं धुतलेलं पाणी पाजायचं, मग ते बाईच्या मुठीत द्यायचं. मला हसू आलं, पण अशा वेळी नाही कोण म्हणणार? दिला. सून सुटली, मुलगा झाला, आणि माझा रुपया माझा राहिला नाही.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत झाली. कामावरून येऊन पाय पसरावेत तर दारात कुणीतरी उभं. आज ह्या गल्लीतलं, उद्या स्टेशनाकडचं, परवा थेट नदीपल्याडच्या जुन्या जालन्यातलं. हिंदू यायचे, मुसलमान यायचे. नेताना हात जोडून न्यायचे आणि परत आणायला चार चकरा मारायला लावायचे. पण माझा जीव निघायचा तो दुसऱ्याच गोष्टीनं. रुपया नुसता पाण्यातून काढून भागत नसे. चिंच आणि राख लावून त्याला घासून लखलखीत करायचे. मी म्हातारीला किती वेळा सांगितलं, की आजी, नुसता बुडवा. तर म्हणायची, "मळ निघाल्याबिगर गुण उतरतो व्हय, भाऊ?" दर खेपेला रुपया परत आला की मी तो उन्हात धरायचो. आधी टिंबं गेली. मग सन गेला. मग टांकसाळीच्या नावाचा पहिला शब्द पुसट झाला. माझ्या डब्यातलं एकच खरं मोलाचं नाणं गल्लीच्या बायका चिंचेनं पुसून टाकत होत्या आणि वर मलाच दुवा देत होत्या.

शेवटी मी तो रुपया कपाटाच्या मागं दडवला आणि कुणी आलं की हरवला म्हणून सांगायचं ठरवलं. दोनच दिवसांनी बायकोनं तो शोधून काढला आणि एका कोष्ट्याच्या घरी देऊन टाकला. मी संतापलो. म्हणालो, "तुला अक्कल आहे का? त्याच्यावरचं आणखी एक अक्षर गेलं तर तो आणि ठिकरी सारखीच!"

ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "तुम्हाला अक्षरं लागतात. मला तो रुपया लागणार हाये."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, तिला पुन्हा दिवस गेले होते. ती पुढं म्हणाली, "एकेक बाई सुटली ना, की मला वाटतं, आता आपलंबी नीट व्हईल. म्हणून देते मी. त्याचा गुण खरा हाये का ते मी बघून राह्यले. तुम्ही त्याला दडवू नका."

त्यानंतर मी रुपयाबद्दल तोंड उघडलं नाही. माझा त्या पाण्यावर विश्वास नव्हता, पण तिचा धीर त्या पाण्यावर उभा होता, आणि दुसरा धीर द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. सरकारी दवाखान्यात मागच्या वेळी काय झालं ते तिनं पाहिलं होतं. तिथं ती पुन्हा पाय ठेवायला तयार नव्हती. महिने गेले. रुपया जात राहिला, येत राहिला, घासला जात राहिला. मी तो उन्हात धरायचं सोडून दिलं.

वैशाखातली दुपार होती. जिनिंग बंद होतं, हंगाम संपलेला. तिला कळा सुरू झाल्या त्या सांगितलेल्या वेळेच्या आधीच. सुईण आली, म्हातारी आली, आणि म्हातारी म्हणाली, "भाऊ, रुपया काढा." रुपया घरात नव्हता. त्याच सकाळी नदीपल्याडचा एक टांगेवाला तो घेऊन गेला होता आणि बायकोनंच त्याला दिला होता, आपल्याला अजून अवकाश आहे अशा समजुतीनं.

मी निघालो. कुंडलिका कोरडी पडली होती, वाळूतून पाय भाजत पलीकडे गेलो. आयुष्यभर ज्याला थोतांड म्हटलं त्याच्यासाठी मी धावत होतो आणि धावता धावता स्वतःला शिव्या देत होतो. टांगेवाल्याचं घर विचारत विचारत गाठलं. तो दाराबाहेर जमिनीवर बसला होता, टांगा सोडलेला, घोडं तसंच उन्हात. आतून त्याच्या बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं. मला बघून तो धडपडत उठला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"तुम्ही सोता आले? एवढ्या उन्हाचं? आता बिलकुल भ्या न्हाई मला. रुपया तिच्या मुठीत दिल्ता सकाळीच. सोडूनच न्हाई राह्यली."

त्यानं आतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणला. मी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायलो. रुपया परत द्या हे शब्द माझ्या जिभेवर होते. आतली बाई पुन्हा कण्हली. मी तांब्या त्याच्या हातात दिला आणि आलो तसा परत निघालो.

घरी डबा उघडला. चारमिनारचा नवा हाली रुपया चालला नसता, तो डोळे मिटूनही ओळखू येतो. सराफानं बट्ट्यालाही घ्यायचं नाकारलेला, दोन्ही बाजूंनी झिजलेला एक रुपया होता, तो मी उचलला. वाटीत धुतला आणि दाराआड उभं राहून वाटी आणि रुपया म्हातारीकडे दिले. तिनं बघितलंसुद्धा नाही. "आला बघ गं बादशाही," म्हणून आत गेली. मी दाराशीच उभा राहिलो.

थोड्या वेळानं आतून बायकोचा आवाज आला, दमलेला पण स्पष्ट. "अहो, हा तो न्हाई."

तिनं तो इतक्या वेळा इतक्या बायकांना दिला-घेतला होता. मुठीला कळलं असणार.

"तिकडची सुटली का?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

मग ती म्हणाली, "मंग राहू द्या तिच्याजवळ." आणि वाटी ठेवल्याचा आवाज आला. ती पाणी प्यायली होती.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. रडली. सुईणीनं दार उघडून सांगितलं तेव्हा मी ओसरीच्या भिंतीला टेकून खाली बसलो. बायको शाबूत होती. मी मनाशी म्हणालो, की बघा, कशाला हवा होता बादशाह? मला त्या वेळी वाटत होतं की झिजक्या रुपयानं का होईना, मी तिला धीर दिला.

बारशाच्या आधी टांगेवाला आला. रुपया रुमालात बांधून आणला होता, घासून स्वच्छ केलेला. त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "घरची गेली. लेकरू हाये." मी त्याला बस म्हटलं, पण तो बसला नाही. जाताना म्हणाला, "तुम्ही त्या दिशी उन्हात आल्ते, ते मी इसरणार न्हाई." मी त्याच्या दारात कशासाठी गेलो होतो ते त्याला सांगायची ताकद माझ्यात नव्हती.

मी रुपया घेऊन आत गेलो. बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं. तिनं हात पुढं केला, रुपया घेतला आणि अंगठ्यानं त्याच्यावरून चोळत राहिली. त्याच्यावर आता एकही अक्षर वाचता येत नव्हतं. मला वाटलं ती म्हणेल, गुण खोटाच होता. मी तिची समजूत घालायला शब्द जुळवत होतो.

ती म्हणाली, "तिच्या मुठीत निदान हे तरी होतं हो. शेवटपर्यंत तिला वाटलं असंल, आता सुटंन. मला तर ठाऊक होतं, माझ्या मुठीत काहीच न्हाई."

मी मुलीला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं, तेवढाच तिच्या हातांना विसावा.