माहितीपत्रकातल्या चौघी

नायेली बारागानइतकी छापली गेलेली मुलगी विद्यापीठाच्या संगणक विभागात दुसरी नव्हती. तिचे गुण बेताचेच होते, पण कीर्ती मात्र दिगंत. माहितीपत्रकात ती चार ठिकाणी होती: केस मोकळे सोडून, वेणी घालून, चष्मा लावून आणि पांढरा कोट चढवून. संगणकासमोर बसायला कोट कशाला लागतो, हे प्राध्यापक लिंडक्विस्टना कुणी विचारलं नव्हतं. कोट नसला तर लोकांना त्यात विज्ञान दिसत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

लिंडक्विस्ट ‘सर्वांसाठी संगणक’ योजनेचे प्रमुख. वसंतात सफरचंदांच्या खोऱ्यातल्या शाळांमधली पोरं बसमध्ये घालून आणायची, पिझ्झा खाऊ घालायचा, टोप्या वाटायच्या आणि त्यातली कुणी खरंच विभागात आली की तिला विसरून जायचं, एवढीच ती योजना. लग्नाचं आमंत्रण दारात येऊन द्यायचं आणि पंगतीत पान मांडायचं राहून जायचं, तसला प्रकार.

नायेलीही अशीच विसरली गेलेली. बाप सफरचंदांच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवी, आई तिथल्याच सरकत्या पट्ट्यावर फळं निवडी. पहिलं वर्ष नायेलीनं निम्मं स्वच्छतागृहात रडून काढलं आणि उरलेलं हट्टानं. मग विभागानं तिला निळा टी-शर्ट दिला आणि नव्या मुलांची मार्गदर्शक केलं.

सप्टेंबरात विभागातल्या तिच्या मार्गदर्शनाच्या खोलीत रोझाल्बा किरोझ आली. त्याच खोऱ्यातली, तसल्याच घरातली. दारातूनच तिनं विचारलं, “बाकीच्या तिघी कुठे बसतात?”

“कोण तिघी?”

“वेणीवाली, चष्मेवाली आणि कोटवाली. आई म्हणाली, तिथं आपल्यातल्या चौघी आहेत, बिनधास्त जा.”

नायेलीनं पिशवीतून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

“अगं बाई!” रोझाल्बा हसत सुटली. मग हसू विरलं. “म्हणजे तू एकटीच?”

“होते. आता तू आलीस ना.”

“मी कसली येते! शुक्रवारपर्यंत नाव काढून घेता येतं. मी काढणार.”

“का गं?”

“वर्गात बसून बघ एकदा. एकानं सांगितलं, त्यानं आठव्या वर्षी पहिला प्रोग्राम लिहिला. प्रेस्टन नावाचा एक आहे, त्यानं म्हणे सहाव्या. आणखी दोघं बोलले असते तर गोष्ट बारशापर्यंत गेली असती.”

“आणि सर काय म्हणाले?”

“‘उत्तम प्रश्न!’ प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.”

तेवढ्यात लिंडक्विस्टांनी दारातून डोकं आत घातलं. “वा, दोघी! गुरुवारी चारला फोटो. रोझाल्बा, तुला कोट छान बसेल.”

“सर, तेव्हा मार्गदर्शनाची वेळ असते,” नायेली म्हणाली. “शुक्रवारी मुलांना पहिला गृहपाठ जमा करायचाय.”

“मग इथेच काढू. मार्गदर्शन चाललंय असं दाखवा.”

“दाखवायचं की करायचं?”

“आधी दाखवा. करायला अख्खं वर्ष पडलंय.”

“मी नाही यायची, सर.”

लिंडक्विस्टांचा चेहरा पडला. “अगं, पण तुझ्याशिवाय विविधता दिसणार कशी?”

“नाहीच आहे, तर दिसेल कुठून?”

गुरुवारी छायाचित्रकारानं रिकाम्या खुर्चीचे फोटो काढले. त्या वेळी दोघी वसतिगृहाच्या लाँड्रीत बसल्या होत्या, कारण लिंडक्विस्ट तिथं शोधायला येणं शक्यच नव्हतं. रोझाल्बाचं घोडं प्रोग्राममधल्या ‘लूप’वर अडलं होतं.

“गोदामातला आईचा पट्टा आठव,” नायेली म्हणाली. “फळ आलं, बघितलं. खराब असलं तर बाजूला. मग पुढचं. पट्टा संपेपर्यंत तेच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग ती पोरं त्यावर तासभर काय अक्कल पाजळत असतात?”

“तुला घाबरवायला तासभर तरी लागतोच ना!”

पहिल्यांदा रोझाल्बाचा प्रोग्राम सुरू झाला तो थांबेचना. “हा तर आमच्या मुकादमासारखा निघाला,” ती म्हणाली. दुसऱ्यांदा मात्र तो शहाण्यासारखा चालला आणि थांबलाही. पण राहणार की जाणार, हे काही ती बोलली नाही. गृहपाठ जमला म्हणून भीती थोडीच जाते?

शुक्रवारी दुपारी नायेलीला राहवेना. ती नोंदणी कार्यालयाकडे गेली. नावं काढून घेणाऱ्यांची रांग दारापर्यंत आली होती आणि रांगेत रोझाल्बा उभी होती. एवढं करून शेवटी पोरगी चाललीच!

पण रोझाल्बाचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तिनं पुढच्या उंच पोराची बाही धरली होती आणि कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात ती त्याला झापत होती.

“सहाव्या वर्षी लिहिलास ना रे? मग आता कुठं पळतोस?”

“आईनं लिहिला होता,” प्रेस्टन पुटपुटला. “मी फक्त बटण दाबलं.”

“आणि मी तुझ्यामुळे दोन आठवडे झोपले नाही, माकडा!”

तिनं त्याला रांगेबाहेर ओढलं. त्याच्याबरोबर आपणही रांगेतून बाहेर पडलो, हे तिच्या गावीही नव्हतं. समोर नायेली दिसताच तिनं त्याला पुढे ढकललं.

“याला घे तुझ्याकडे. याला तर माझ्याइतकंही येत नाही.”