बांधावरची अबई

ओतूरच्या बाजारात अबईच्या कोवळ्या शेंगा येतात, त्या परसातल्या. रानातली अबई वेगळी. आमच्या बांधावर ती करवंदीच्या जाळीवर चढायची, आणि शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की आई तोडून आणायची. बिया अंगठ्याएवढ्या. तशाच खाल्ल्या तर पोट ढवळून चक्कर येणार. म्हणून आई त्या रात्रभर भिजवायची, सालं काढून उकळायची, पाणी फेकायची, पुन्हा उकळायची. पाण्याचा कडवटपणा जाईपर्यंत चूल विझायची नाही.

पण लगेच वाढायची नाही. जिनं शिजवली तिनं आधी खायची, बाकीच्यांनी वाट बघायची, हा आमच्याकडचा रिवाज. एरवी सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणारी आई त्या दिवशी उंबऱ्यात पाय पसरून पहिली जेवायची. आम्ही भावंडं टकामका बघत बसायचो. वडील म्हणायचे, आज लई सावकाश चाललंय. ती म्हणायची, "इख असंल तर मी मरंन. खाऊ द्या की नीट."

पुढे मी कॉलेज केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मंचरला नोकरी लागली, तिथंच स्थिरावले.

यंदा आई पोटाच्या दुखण्यातून उठली, आणि वहिनीनं अबई बंद केली. त्यात वहिनीचं काही चुकलं नाही, ती भ्यालेली होती. पण आईला ताटावर बसवेना. दुसरं काही ती मागतच नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं. नीट शिजवून थोडी द्या, म्हणाले. मग मी सुट्टी काढून गेले.

दर उकळीला पाणी चाखायला आई हात पुढं करी, आणि मी तो मागं सारी. दुपार कलली तेव्हा कुठं पाणी गोडं लागलं. लसूण-मिरचीची फोडणी दिली, वाटी भरून तिच्यापुढं ठेवली.

"तू खा आधी," ती म्हणाली.

मी खाल्ली. तासभर तिनं मला समोरून हलू दिलं नाही.

"गरगरतंय का?"

"नाय गं."

"मग आण हिकडं. समदी तूच संपवशील."

एक बी तिनं कितीतरी वेळ चावली. मीठ कमी पडलंय म्हणाली. मी मीठ आणायला उठेपर्यंत तिनं दुसरी तोंडात टाकली होती.