चिंगीची उरलेली सलाईन

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. आईसमोर तर नाहीच — आणि तिच्या हातचं मी रोज जेवतो.

आईच्या चिंगी मांजरीच्या किडन्या गेल्या होत्या. दिवसभर पाणी प्यायची आणि बसेल तिथे ओलं करायची. भंडाऱ्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, बरी होणार नाही; पण रोज कातडीखाली सलाईन दिली तर काही महिने सुखात काढेल. आईचे हात थरथरतात, तेव्हा सुईचं काम माझ्याकडे आलं. आई तिला मांडीवर धरायची, कानाशी काहीबाही पुटपुटायची. मला मात्र — खरं सांगू? — त्या वासाचा वीट आला होता. मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, आणि जवाहरनगरचं आमचं क्वार्टर ते केवढं?

आमच्याकडे म्हणतात, मांजर नदीपार सोडली की परतत नाही. आई देवळात गेली होती. मी चिंगीला पिशवीत घातलं, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि कारध्याच्या घाटावर सोडून आलो. पिशवीत ती निमूट बसली होती. डॉक्टरकडे नेतोय असंच वाटलं असणार — तिकडेही त्याच पिशवीतून न्यायचो. इथे पाणी आहे, मासोळी आहे, अशी मनाची समजूत घातली. आईला सांगितलं, दार उघडं राहिलं. कोणी उघडं टाकलं, हेही तिनं विचारलं नाही.

एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बोललोही असतो. पण पुढचं ऐका.

पाहुणे येऊन गेल्यावर कारध्याची मासोळी विकणारी बाई दारात आली. टोपली उतरवताना म्हणाली, "डोंग्यापाशी एक मांजर येऊन बसली हाये, बाई. मासोळी देल्ली तं तोंड लावत नाई, निस्तं पानी पेते."

मी पेपर तोंडासमोर धरला.

"आपली चिंगी तं एवढ्या दूर जाऊ शकत नाई," आई म्हणाली. "कोन्या पाप्यानं सोडली असंन. तिलेही तेच दुखनं दिसते. जा बाप्पा, घेऊन ये तिले. सलाईन उरली हाये, तिले लावू."

मी निघालो. पुलाच्या अलीकडे टपरीवर चहा घेतला. तिथून पलीकडच्या काठाला बांधलेले डोंगे दिसत होते, म्हणून त्या बाजूला पाठ करून बसलो. आणली असती तर आईनं ओळखलीच असती — मग मी कोण ठरलो असतो? मांजर जिवंत होती, माझी वाट बघत होती की नव्हती कोण जाणे, आणि मी स्वतःचं तोंड वाचवत चहा पीत होतो. त्याची मला लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

घरी येऊन म्हणालो, सापडली नाही.

"जाऊ दे. तू तरी किती फिरशीन," आई म्हणाली आणि मला ताट वाढलं. मी जेवलो.

सलाईनची ती बाटली अजून कपाटावर आहे. आई टाकू देत नाही. कोणाच्या तरी मांजरीच्या कामी पडेल म्हणते. कपाट पुसताना मी ती उचलतो, आणि पुसून परत तिथेच ठेवतो.