न लावलेला हात

पेंढ्याचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. ऐंशीच्या दशकात बोईसरच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये आम्ही पेंढ्यावर ताडपत्री अंथरून आयकिडो शिकायचो. समोरच्याच्या जोरानं त्यालाच पाडायचं, अशी ती जपानी कला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सर हळूच म्हणाले, "पाहुणे आलेत. मी हात फिरवला की तू पड."

मी पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. उमरोळीहून आलेल्या आईनं मात्र सगळ्यांदेखत विचारलं, "त्यानं तर तुला हातच नाय लावला. मंग पडलीस कशाला?"

"तुला त्यातलं काय कळतंय?" मी तिच्यावर खेकसले.

सरांचा राग येतोच. पण त्याहून जास्त माझा येतो. भरल्या हॉलमध्ये खरं बोलणारी ती एकटीच होती, आणि मी गप्प केलं ते तिलाच.