शेंडा खुडलेलं झाड

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि लिहिताना चुका होतात, कारण शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणी वाचलंच तर माफ करावं.

भेस्तानच्या एका गुजराती सोसायटीत मी झाडांना पाणी घालते. तिथे गेटच्या दोन्ही बाजूंना ख्रिसमस ट्रीची महागडी जोडी लावली होती. लहानपणी खानदेशात आम्ही कपाशीचा शेंडा खुडायचो, म्हणजे फांद्या फुटून झाड भरतं. तेच मनात धरून मी एकाचा शेंडा खुडला. पावसाळाभर दुसरं हातभर वाढलं, हे मात्र थोटंच राहिलं.

वॉचमन आमच्याच गावाकडचा. त्याने मला खुडताना पाहिलं होतं. तो म्हणायचा, "मावशी, बोंडं कधी वेचायची?"

सोसायटीवाल्यांचा संशय झाडं छाटणाऱ्या म्हाताऱ्या माळ्यावर गेला. त्याला काढायचं ठरत होतं. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, म्हणून मी सेक्रेटरीबेनच्या घरी गेले.

"बेन, शेंडा मी खुडला. झाड भरावं म्हणून."

 ती म्हणाली, "माळ्याला काही होणार नाही. नवीन झाडाचे पैसे तू दर महिन्याला थोडे थोडे दे. आणि ते थोटं फेकू नको, मागे लाव."

मागच्या भिंतीशी त्याला आता दोन वाकडे शेंडे फुटलेत. मी पाणी घालते, पण हात लावत नाही. काल बेनच्या हातात शेवटचे दोनशे रुपये ठेवले. सगळे पैसे फिटले.