चिखलातली चाल

माझ्या मुलीच्या घराच्या खिडकीतून गावाचं मैदान दिसतं. स्वीडनमधल्या या लहान गावात उन्हाळ्यात त्यावर फुटबॉल खेळतात. थंडी पडली की तिथेच पाणी सोडून बर्फ धरू देतात आणि स्केट्स घालून बँडी खेळतात, हॉकीसारखी. शेजारचे नील्स तरुणपणी दोन्ही खेळ देशाकडून खेळले. थकल्यावर मैदानाला पाणी घालायचं काम त्यांनी घेतलं. पातळ थर सोडायचा, तो गोठला की दुसरा. ती नळी ते कुणाच्या हाती देत नाहीत.

हल्ली मात्र पाणी गोठतच नाही. आज दुपारी नळी चिखलात टाकून त्यांनी हात पाठीमागे बांधले, कमरेत वाकले आणि पाय न उचलता एकेक बाजूला ढकलत निघाले. स्केट्सवरची चाल होती ती! बूट रुतत होते.

मी धावत खाली गेले. "अहो, पडाल ना!"

"गुडघे गेले, खेळ सुटला, त्याचं काही वाटलं नाही," ते म्हणाले. "पण मी गेल्यावरही मैदान राहील, असं धरून चाललो होतो."

शरीर दगा देणार हे आपण कधीच कबूल केलेलं असतं. हिवाळाच येईनासा होईल, हे कुणाच्या मनात आलं होतं? मला राग आला, पण काढायचा कुणावर?

नील्सनी वाकून नळी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"नळ बंद करा," म्हणाले, आणि मागे न बघता घरी गेले.