दावं राहिलं बीदरला

नानांनी मोटारसायकल बैलासारखी विकत घेतली आणि यात नानांची काहीएक चूक नव्हती. चूक माझी. त्यांना सोबत मी नेलं होतं.

नाना म्हणजे माझे वडील. सास्तूरपासून कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत बैलाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. बाजारात लोक बैलाच्या तोंडाकडं बघायच्या आधी नानांच्या तोंडाकडं बघायचे. पण त्या दुष्काळात वैरण संपली, विहिरीनं तळ दाखवला आणि नानांनी आमचे मण्या आणि तांब्या हे दोन्ही बैल शेजारच्या गावच्या नागनाथअप्पांना विकून टाकले. (अप्पांच्या विहिरीला घोटभर पाणी होतं. त्या वर्षी तेवढ्यावर माणूस सावकारासारखा चालायचा!) त्या दिवशी नाना जेवले नाहीत. बैल गेले, पण त्यांची दोन दावी नानांनी काढून घेतली आणि रिकाम्या गोठ्यात खुंटीला अडकवली. आमच्याकडं रीतच आहे, जनावर विकायचं पण त्याचं दावं द्यायचं नाही. दाव्याबरोबर विकणाऱ्याच्या घरची बरकत जाते म्हणतात. शहाणा घेणारा आपलं दावं घेऊनच येतो.

ही रीत लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

मी तेव्हा बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो. गावात नवी दूध सोसायटी निघाली होती. बायकांनी उसाचं वाळकं पाचट घालून कशाबशा म्हशी जगवल्या होत्या आणि रोज पाच कॅन दूध जमत होतं. ते सहा किलोमीटरवरच्या डांबरी फाट्यावर पहाटे पोचवायचं, तिथून टेंपो न्यायचा. उशीर झाला की टेंपो निघून जायचा आणि दूध नासायचं. गावात धड बैलजोडी उरली नव्हती. सायकलीवर नेलेलं दूध फाट्यावर पोचेपर्यंत निम्मं रस्त्याला पाजलं जायचं.

"दत्तू, आता यंत्राचं युग हाय," सोसायटीचे चेअरमन मला म्हणाले. "तू मोटारसायकल घे. दोन खेपा मार. काम तुझं. पण शुक्रवारी पहाटे कॅन फाट्यावर दिसलं पायजेत. न्हाय दिसलं तर म्या दुसरा मानूस बघीन."

बी.ए. झाल्यापासून पहिल्यांदाच मला कुणीतरी काम देत होतं! आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली.

सोलापूरला गाडीसाठी नंबर लावावा तर नातवाच्या लग्नात मिळाली असती. तेवढ्यात गावचे ट्रक ड्रायव्हर खादरभाई बातमी घेऊन आले. बीदरच्या एका दुकानात एक लाल मोटारसायकल तयार उभी आहे, आधीच्या गिऱ्हाईकानं ऐन वेळी नाकारली. "गुरुवारी मेरा ट्रक उधरसे रिकामा आता. चलो," ते म्हणाले. मी नानांना विचारलं, येता का? इथंच माझं नशीब फुटलं.

दुकानदार बसवणप्पा सेठ, गोल चेहऱ्याचे, कपाळाला भस्म. मी गाडीचं इंजिन कसं आहे ते विचारणार, तोवर नाना गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आले. खाली बसून त्यांनी दोन्ही चाकं खुरासारखी चाचपली. टाकीवरून उलटा हात फिरवला.

"भोवरा न्हाय," ते मला हळूच म्हणाले. "चांगलं लक्षन हाय."

"नाना, ती लोखंडाची आहे!"

"आदल्यानं का नाकारली मग? खोड काय हाय हिची?" नानांनी सेठना थेट विचारलं.

"खोड काही नाही मालक. त्यांना निळी पायजे होती."

नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सेठच्या हातावर टाकला आणि आत हात घालून त्यांची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो, टॉवेलाखाली, बोटं दाबून, म्हणजे बाजूच्याला भाव कळत नाही. पण हे दुकान होतं! काचेवर भाव लिहिलेला होता! मी शरमेनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. आता सेठ आम्हाला हाकलून देणार. पण सेठ डोळे मिटून गप्प उभे. टॉवेलात काहीतरी वळवळलं. मग पुन्हा वळवळलं. नाना म्हणाले, "न्हाय." सेठ म्हणाले, "मग?" पुन्हा वळवळ. शेवटी दोघंही हसले आणि सौदा झाला. सेठही शेतकऱ्याच्याच घरचे निघाले. मला फार बरं वाटलं. (माणसाला फार बरं वाटलं की समजावं, आता काहीतरी होणार.)

मला गाडी चालवता यायची ती साखर कारखान्यावर जाणाऱ्या गावातल्या सोपानच्या खटाऱ्यावर शिकल्यामुळं. बीदरहून मी हीच चालवत आणणार होतो, पण नाना आडवे पडले. "नवं जनावर परक्या मुलखातनं हाकत आनू न्हाय. बिथरतं." म्हणून गाडी ट्रकमध्ये चढवली. ती हलू नये म्हणून खादरभाईंच्या सांगण्यावरून सेठनी हँडल डावीकडं वळवून लॉक केलं आणि घरातलं मोठं माणूस म्हणून किल्ल्यांची रिंग नानांच्या हातात दिली. मी ट्रकमध्ये दोर आवळत होतो. खाली नाना आणि सेठ एकमेकांना हात जोडत होते, सेठनी काहीतरी डोळ्यांना लावलं. दोन राज्यांच्या माणसांतला तो जिव्हाळा बघून माझे डोळे भरून आले. आता आठवलं तरी भरून येतात, कारण वेगळं.

दिवस मावळायच्या आत ट्रक गावात शिरला. सोसायटीपुढं निम्मं गाव जमलेलं. आईनं गाडीला ओवाळलं, हँडलला पोळ्याचा गोंडा बांधला, पुढच्या चाकावर पाणी घातलं. (दुष्काळात! तांब्याभर!) चेअरमननी नारळ फोडला आणि हात वर केला.

"हां दत्तोबा, करा चालू!"

मी ऐटीत सीटवर बसलो. "नाना, किल्ली द्या."

"दिली की."

"मला कुठं दिली?"

"तुला कशाला? मालकाला दिली."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुठल्या मालकाला?"

"बीदरच्या. दावं इकनाऱ्याचं असतंय, दत्तू. म्या हातात घेतली, कपाळाला लावली आन् त्येच्या हातात ठिवली. भला मानूस. त्यानं बी डोळ्याला लावली."

"दोन्ही?"

"जोडीची दावी जोडीनंच ऱ्हात्यात."

चेअरमनचा वर केलेला हात खाली आला. मग मागं कुणीतरी खुसकन हसलं.

"नाना, किल्लीशिवाय गाडी चालू होत नाही!"

"का व्हत न्हाय? सोपान तर लाथ मारून चालू करतोय. म्या सोता बघितलंय!"

हे मात्र खरं होतं. सोपानच्या गाडीची किल्ली आमच्या जन्माआधी हरवली असावी. तिच्यात तो खिळा घालायचा आणि लाथ मारायचा. मग सोपानलाच बोलावलं. त्यानं आमच्या कोऱ्या गाडीत खिळा घातला, फिरवला आणि शांतपणे म्हणाला, "ह्यो कुलपाचा परकार निराळा हाय." चार जणांनी गाडी निदान घरापर्यंत ढकलत न्यायचं ठरवलं. पण हँडल डावीकडं लॉक! गाडी ढकलली की डावीकडं वळायची आणि सोसायटीच्या झेंड्याच्या खांबाला प्रदक्षिणा घालून पुन्हा चेअरमनच्या पुढ्यात यायची. तीन प्रदक्षिणा झाल्या. चौथ्या वेळी चेअरमन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला हितंच. तिला सोसायटी आवडलीया."

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "दत्तू, बायकांनी उद्या बी दूध घातलं आन् ते नासलं, तर परवापास्नं एक बी बाई दूध घालनार न्हाय. म्या वाट बघू शकत न्हाय."

मला रडू येत होतं. शेवटची एसटी केव्हाच गेली होती. शुक्रवारी तांबडं फुटायच्या वेळी मी फाट्याकडं चालत निघालो. वाटेत मागून घुंगरांचा आवाज आला. बैलगाडी. गाडीत दुधाचे पाच कॅन, कासरा नागनाथअप्पांच्या हातात आणि जुंपलेले होते मण्या आणि तांब्या! चेअरमननी रात्रीच अप्पांना निरोप धाडला होता.

"बीदरला चाललास व्हय? बस की," अप्पा म्हणाले.

मी बसलो. जे दूध मी न्यायचं होतं, त्या दुधाच्या कॅनवर बसून, आमच्याच विकलेल्या बैलांच्या गाडीतून, मी किल्ली आणायला निघालो. फाट्यावर उतरलो तेव्हा मण्यानं माझा हात चाटला. एवढं वाईट मला बी.ए.ला तिसरा वर्ग मिळाला तेव्हाही वाटलं नव्हतं.

हुमनाबादला एसटी बदलून बीदरला पोचलो. दुकानात शिरलो तर समोरच, देवाच्या फोटोखाली, हळदकुंकू लावून माझ्या दोन्ही किल्ल्या लटकत होत्या! मी हात पुढं केला. सेठ आडवे आले.

"नक्को! ते मिळणार नाही."

"अहो, गाडी चालू होत नाही!"

"मी तुमच्या नानांना म्हटलं होतं, एक तरी ठेवा. पण इतकं ठाम बोलले, मला वाटलं यांच्याकडं तिसरी असणार."

"मग आता द्या ना एक!"

सेठनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि फार समजुतीनं बोलले. "बघा, आमच्याकडं बी हीच रीत आहे. महिनाभर या दुकानात चिमणी फिरकली नव्हती. काल तुमच्या नानांनी दावं दिलं, आज सकाळी दार उघडताच गिऱ्हाईक उभं! आता दिलेलं दावं परत नेलं तर माझं काय, तुमचंही वाटोळं."

माझं आणखी किती वाटोळं व्हायचं राहिलंय, असं मी विचारणार होतो, पण चहा आला. शेवटी तोड निघाली. सेठ स्वतः एक किल्ली मुठीत घट्ट धरून माझ्याबरोबर चौबाऱ्याच्या जुन्या बुरुजाजवळ आले. तिथं बसणाऱ्या एका चाचांनी ती बघून तशीच दुसरी घासून दिली. तेवढा वेळ सेठनी मूळ किल्लीवरची नजर काढली नाही. मी ती घेऊन पळीन, असं त्यांना वाटत असावं. मला पण वाटत होतं.

शनिवारी मी किल्ली लावली, लाथ मारली आणि गाडी पहिल्याच दणक्यात सुरू झाली. तो आवाज ऐकून चेअरमन बाहेर आले.

"दत्तू, गाडी झकास हाय. पन काम अप्पाला दिलं. दोन दिवस टायमात पोचला गडी." आणि जाता जाता म्हणाले, "बैलाला किल्ली लागत न्हाय बघ."

मी गाडी घरी आणली आणि रिकाम्या गोठ्यात लावली. नानांना खूप बोलायचं ठरवून आलो होतो. ते खुंटीवरच्या दाव्यांखाली बसले होते.

"माझं चुकलं रं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं आणि ठरवलेलं सगळं विसरलो.

"मण्यानं हात चाटला माझा," मी म्हणालो.

नानांनी मान वर केली. "वाळलाय का त्यो?"

"थोडा."

त्यांनी त्याच दिवशी जाऊन चेअरमनचं डोकं खाल्लं. रोज बारा किलोमीटर चालणाऱ्या बैलांना पोटभर वैरण नको का? अप्पांकडं पाणी होतं, कडबा नव्हता. कडबा मिळत होता तो उमरग्याला, तालुक्याच्या सोसायटीच्या गोदामात. चेअरमनना पटलं. मंगळवारपासून मला काम मिळालं, एक दिवसाआड उमरग्याहून मण्या-तांब्यासाठी कडबा आणायचा. मागच्या सीटवर पेंढ्या धरून नाना बसायचे. उतरलं की ते किल्लीसाठी हात पुढं करायचे. मी दिली नाही.

गावात लोक म्हणायचे, ह्यांनी बैल विकले आणि मोटारसायकल घेतली. तसं काही नव्हतं. बैलांनीच एक मोटारसायकल कामाला ठेवली होती आणि तिच्यासोबत एक बी.ए. झालेला गडी.